विमानाची पहिली काच

मी एक जुनी काच आहे. सध्या पत्र्याच्या एका शेडमध्ये, रिकाम्या ऑइलच्या डब्यांमागे उभी आहे. मित्रांनो, वय विचाराल तर मला जेमतेम चार वर्षं झाली आहेत. पण कामावरून काढलेली वस्तू वयाची वाट बघत नाही, ती एका दिवसात जुनी होते. आणि खरं सांगायचं तर मी काचसुद्धा नाही. मी अॅक्रिलिकची, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकची आहे. पण ज्याने मला घडवलं त्या भारतने पहिल्या दिवसापासून मला काच म्हटलं, म्हणून मीही स्वतःला काचच म्हणते.

आणि मी साधीसुधी काच नव्हते बरं का. मी विमानाची पुढची काच होते. हसू नका. पुसदपासून तेरा किलोमीटरवरच्या तांड्यात कुठलं आलं विमान, असं तुम्हाला वाटेल. तांड्यातल्या लोकांनाही तसंच वाटायचं. भारत राठोड हा पाण्याच्या मोटारी आणि फवारणीचे पंप दुरुस्त करणारा माणूस. रस्त्याच्या कडेला त्याचं दुकान आणि दुकानामागे हे शेड. या शेडमध्ये तो सात वर्षांपासून अॅल्युमिनियमच्या नळ्या जोडून एकट्याला बसता येईल एवढं विमान बनवत होता. पंख कापडाचे, इंजिन पाठीमागे. का बनवतोस म्हणून विचारलं की तो नुसता हसायचा. बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याची बायको राखी घरची पाच एकर शेती एकटीने सांभाळायची, आणि तिलाही त्याने कधी कारण सांगितलं नव्हतं.

माझा जन्म बेकरीत झाला. नागपूरहून सपाट शीट म्हणून मी आले, ब्राऊन पेपरात गुंडाळलेली. पण विमानाला सपाट काच चालत नाही, तिला बाक लागतो, आणि बाक द्यायचा तर मला आधी भट्टीत तापवून मऊ करावं लागतं. एवढी मोठी भट्टी फक्त पुसदच्या नानाजींच्या बेकरीत होती. एका रविवारी बेकरी बंद असताना भारतने मला तिथे नेलं. टोस्ट आणि नानकटाई जिथे भाजतात तिथे मी तापले आणि कच्च्या पापडासारखी लिबलिबीत झाले. मग हातमोजे घालून भारतने आणि नानाजींनी मला धरलं आणि लाकडाच्या साच्यावर अंथरलेल्या जुन्या घोंगडीवर हलकेच पसरलं. थंड झाल्यावर पाहते तो काय, मला छानदार बाक आलेला. पुढे कितीतरी दिवस माझ्या अंगाला नानकटाईचा वास येत होता. त्या वासाने शेडमधल्या मुंग्या मात्र हैराण झाल्या.

मग माझ्या कडा कापल्या. वीतभर रुंदीचे पाचसहा तुकडे खाली पडले. ते माझेच होते, त्यामुळे मला जरा वाईट वाटलं. पण भारतने ते फेकले नाहीत, कारण त्यांच्याकडून मोठं काम करून घ्यायचं होतं.

ते काम बबनरावांनी सांगितलं होतं. बबनराव वायुदलातून निवृत्त झालेले. वीस वर्षं त्यांनी विमानांचे पत्रे आणि काचा दुरुस्त केल्या होत्या. आता पुसदजवळ त्यांचं कापूस-तुरीचं शेत होतं, आणि दर रविवारी ते मोपेडवरून भारतच्या शेडमध्ये यायचे. भारत त्यांना काका म्हणायचा.

"काका, हिले आता बसवायची कशानं?" भारतने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"तेच तर खरं काम हाय," बबनराव म्हणाले. "काच बनवणं सोपं हाय. तिले धरून ठेवणं कठीण. उन्हात ही फुगते, थंडीत आकसते. खालची पट्टी अॅल्युमिनियमची, तिची चाल वेगळी. दोघींच्या मधात जे भरशील ते नरम पाहिजे, पाण्याले अडवणारं पाहिजे, अन् त्यानं दोघींपैकी कोणालेच खाल्लं नाई पाहिजे."

"तुम्ही नोकरीत काय लावत होते?"

"दोन डब्यांतला काळा लेप यायचा. तो तुले इथं भेटणार नाई, अन् भेटला तर मुदत संपलेला भेटन. आपण इथं जे भेटते ते तपासून पाहू."

मग पुसदच्या बाजारातून एकेक वस्तू आली. बाथरूमच्या फटींना लावतात ते आंबट वासाचं सिलिकॉन आलं. पंक्चरवाल्याचं सोल्युशन आलं. दोन गोळ्या एकत्र मळून पाइपाची गळती बुजवतात ती पुट्टी आली. गच्चीला लावायचं डांबर आलं. आणि एक राखाडी सिलिकॉन आलं, ज्याला आंबट वास अजिबात नव्हता आणि जे दुकानदाराकडे धूळ खात पडलं होतं, कारण ते सुकायला फार वेळ लावतं. भारतने माझ्या एकेका तुकड्याखाली अॅल्युमिनियमची पट्टी ठेवली, मधे एकेक पदार्थ भरला आणि सगळे तुकडे शेडच्या पत्र्यावर नेऊन ठेवले. महिना मे होता. आमच्याकडचा मे म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेलच. पत्र्यावर हात ठेवला तर कातडी सोलून निघते.

सोल्युशनच्या तुकड्याला उन्हाची वाटही बघावी लागली नाही. लावल्याबरोबर त्याची कड दुधासारखी पांढरी झाली आणि तिच्यात बारीक बारीक चिरा उठल्या. बबनरावांनी तो तुकडा भारतच्या डोळ्यांसमोर धरला. "पाह्य. पेट्रोल, थिनर, सोल्युशन, असलं उडून जाणारं काही हिच्या आसपास आणायचं नाई. ही वरून धड दिसते, आतून फाटते. साबणाचं पाणी अन् सुती फडकं, बस. लक्षात ठेव." भारतने मान डोलावली आणि ते लक्षात ठेवलं. फक्त स्वतःच्याच लक्षात ठेवलं, ही पुढच्या सगळ्या गोष्टीची सुरुवात.

महिन्याने तुकडे खाली आले. डांबर ओघळून गेलं होतं. पुट्टी दगडासारखी घट्ट झाली होती आणि तिने तुकड्याला मधोमध तडा दिला होता. आंबट वासाच्या सिलिकॉनखाली अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमली होती. राखाडी सिलिकॉन तेवढं जसंच्या तसं होतं. बबनरावांनी ते नखाने ओढलं तर ते ताणलं गेलं आणि सोडलं तर परत जागेवर गेलं. "जमलं," ते म्हणाले. हे जमावं म्हणून माझ्या तुकड्यांनी काय सोसलं ते कोणी बोललं नाही. माझ्या मनात मात्र ते राहिलं.

आता स्क्रू. भारतला मला घट्ट आवळून टाकायचं होतं. वाऱ्यात काच हलली तर, ही त्याची भीती. तेव्हा त्याची आई मानीबाई दारात बसून कपड्यावर टाके घालत होती. या तांड्यात आईला याडी म्हणतात. मानीबाई अजूनही फेटिया घालायची, म्हणजे आरसे लावलेला घागरा. तिने मान वर न करता म्हटलं, "आवळू नको."

"याडी, हे विमान हाय."

"असू दे ना. हे माह्या फेटियावरचे आरसे पाह्य. एकालेही चिकटवलं नाई. बाजूनं धागा फिरवला अन् थोडा ढिला ठेवला. कपडा आकसला, ताणला, तरी आरशाले जागा राह्यते. घट्ट केला का तो पह्यल्या धुण्यातच फुटते."

बबनराव मोठ्याने हसले. "मानीबाई, मले हेच शिकवाले फौजेनं सहा महिने लावले होते जी!"

म्हणून माझी भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडली गेली. माझ्याखाली रबराची पट्टी आली, प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती आली, आणि आवळून झाल्यावर प्रत्येक स्क्रू अर्धा फेरा उलटा फिरवला गेला. बाहेरून राखाडी सिलिकॉनची एक बारीक सरळ रेघ ओढली. आठ दिवस मला कोणी हात लावला नाही. नवव्या दिवशी बबनरावांनी बादलीभर पाणी माझ्यावर ओतलं, आणि आत एक थेंब आला नाही. त्या दिवशी माझा मान काय विचारता! शाळेतली मुलं बघायला आली. तांड्याचे नायक किसनसिंग स्वतः येऊन माझ्यामागे बसले आणि त्यांनी फोटो काढून घेतला. मला वाटलं, आता आभाळ फार लांब नाही.

पण मित्रांनो, कौतुक चार दिवसांचं असतं. पावसाळा लागला आणि भारत इंजिनाच्या मागे लागला. इंजिन पाठीमागे, त्यामुळे माणूसही दिवसभर पाठीमागे. माझ्या वाट्याला शेडचं दार आणि दारापलीकडचं सोयाबीन तेवढं आलं. आठवडे गेले तरी माझ्याकडे कोणी फिरकायचं नाही. तुम्ही कधी लग्नघरात एका कोपऱ्यात बसून राहिला आहात का, जिथे सगळे तुमच्यासमोरून ये-जा करतात पण कोणी बोलत नाही? मला तसं वाटायचं. मी खूप एकटी होते, हे मला सरळ सांगायला हरकत नाही.

माझ्यासारखी आणखी एक होती. राखी संध्याकाळी शेतातून यायची, भारतसाठी चहा आणायची आणि स्टुलावर ठेवून क्षणभर थांबायची. ती काहीतरी विचारेल असं मला वाटायचं. पण विमानाखालून फक्त पान्याचा आवाज यायचा. मग ती निघून जायची. जाताना कधीकधी ती माझ्यावरची धूळ पदराने झटकायची. त्या शेडमध्ये मला माणसाचा हात लागायचा तो एवढाच.

मग पोळा आला. भारतच्या घरचे बैल दोन वर्षांपूर्वी विकले गेले होते, शेतात भाड्याचा ट्रॅक्टर यायचा. गोठा रिकामा आणि पोळ्याचा दिवस, हे मानीबाईला सहन होईना. भारत त्या दिवशी इंजिनाचं सामान आणायला नागपूरला गेला होता. मानीबाई शेडमध्ये आली, विमानाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "घरात राबणारं हेच एक जनावर उरलं. याचीच पूजा." तिने विमानाच्या चाकांना हळद लावली, पंखांना झूल बांधली आणि बैलांच्या शिंगांना लावायचा लाल ऑइलपेंट आणून माझ्या कपाळावर मोठा गोल काढला, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पट्टे. मी नटले. मला आवडलंही. पुरणपोळीचा घास माझ्यासमोर धरला तेव्हा तर मला आपण बैलच आहोत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भारत परतणार होता. राखीने तो लाल गोल पाहिला आणि ती लगेच साबणाचं पाणी घेऊन आली. भारत आईला काही बोलणार नाही, पण दोन दिवस तोंड पाडून बसेल, हे तिला ठाऊक होतं. ऑइलपेंट साबणाने निघेना. राखीने फळीवरची थिनरची बाटली घेतली. रंग कशाने काढतात हे कोणालाही माहीत असतं. माझ्यावरचा रंग तसा काढायचा नसतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तिने किती मायेने पुसलं मला! पहिल्यांदा गार गार वाटलं. मग आग सुरू झाली. रंग निघाला, पण थिनरचे ओघळ खाली माझ्या काठाशी गेले आणि पट्टीखाली, स्क्रूंच्या भोकांपाशी जाऊन बसले. त्याच संध्याकाळी तीन स्क्रूंभोवती माझ्या अंगात केसासारख्या चिरा उठल्या. वरून राखाडी सिलिकॉन होतं, म्हणून त्या झाकल्या गेल्या. जे सिलिकॉन मला सांभाळायला निवडलं होतं त्यानेच माझं दुखणं लपवलं. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नव्हता.

तीन दिवसांनी राखी धूळ झटकत असताना मावळतीचं तिरपं ऊन माझ्यावर पडलं आणि तिला चिरांची टोकं दिसली. तिने बोट फिरवलं. मग तिने फळीवरच्या बाटलीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

ती सांगायला गेली होती, हे मी शपथेवर सांगेन. दोनदा गेली.

"अहो, ऐकता का? त्या काचेले..."

"आता नको, राखी. वायर मोजून राह्यलो."

दुसऱ्यांदा त्याने उत्तरही दिलं नाही. तिसऱ्यांदा ती गेली नाही. त्या चिरा म्हणजे नुसते ओरखडे असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण समजूत पटली नव्हती, कारण ती माझ्याजवळ येईनाशी झाली. चहा दारातच ठेवून ती परत फिरायची. मी अगदी एकटी पडले. दिवसा ऊन तापलं की माझ्या चिरा केसभर पुढे सरकायच्या. मला माहीत होतं की हा माणूस एक दिवस माझ्यामागे बसणार आहे आणि वाऱ्याच्या जोराने मी फुटून सरळ त्याच्या तोंडावर जाणार आहे. मला हे माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. यापेक्षा वाईट एकटेपण कुठलं असेल तर मला ते माहीत नाही.

दिवाळीनंतर चाचणीचा कागद आला. दोन वर्षं हेलपाटे घालून मिळवलेली परवानगी होती ती. दिवस ठरला. आदल्या दिवशी बबनरावांनी सगळं तपासलं. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. त्यांनी माझ्या सिलिकॉनच्या रेघेवरून बोट फिरवलं, रेघ अखंड लागली, आणि ते म्हणाले, "काच मस्त हाय."

सकाळी तांड्यामागच्या माळावर सगळे जमले. दगड वेचून लांबच लांब पट्टी साफ केली होती. भारत माझ्यामागे बसला, त्याने हेल्मेट चढवलं, इंजिन सुरू केलं. माझं सगळं अंग थरथरायला लागलं. मानीबाईने ओवाळलं. मग राखी पुढे आली. तिच्या हातात कुंकवाची डबी होती. विमानाला कुंकू लावायचं म्हणून तिने हात पुढे केला, आणि तिचा हात माझ्या त्या काठापाशी येऊन थांबला. इंजिनाच्या थरथरीने चिरा आता सिलिकॉनबाहेर बोटभर आल्या होत्या.

राखीने डबी टाकून दिली. ती पंखाखालून वाकून भारतजवळ गेली आणि ओरडली, "बंद करा!"

"काय झालं?"

"आधी बंद करा म्हणते ना!"

इंजिन बंद झालं.

"पोळ्याचा रंग म्या थिनरनं पुसला," राखी म्हणाली. "काचेले चिरा पडल्या हाय. म्या पाह्यल्या. तवाच पाह्यल्या."

बबनराव लगबगीने आले, वाकले, डोळे बारीक केले, आणि अंगठ्याने माझ्या काठावर दाबलं. फार जोर लावला नव्हता. टक् असा आवाज झाला आणि एक चीर माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेली.

"वर असतानी गेली असती," बबनराव हळूच म्हणाले, "तर तोंडावर आली असती, बाबू."

भारत खाली उतरला. "पोळ्यापासून तुले माहीत हाय? इतके दिवस काहून नाही सांगतलं?"

"कोणाले सांगू?" राखी म्हणाली. "दोनदा आली होती सांगाले. सात वर्षं तुम्ही ह्या शेडमधी हाय. हे कायले बनवून राह्यले, ते तरी मले सांगतलं? थिनर लावू नये, एवढं तरी सांगतलं? ही काच तुमची, हे विमान तुमचं, तुमचं बोलणंही ह्याच्याशीच. मी चहा ठेवायची अन् जायची. तुम्ही वर मेले असते तर मले लोकांनी विचारलं असतं, कायले उडत होता तुहा नवरा? मले ते बी माहीत नसतं."

माळावरचे लोक खाली मान घालून उभे होते. भारत माझ्या काठापाशी गेला आणि त्या तीन स्क्रूंपाशी वाकला. मग म्हणाला, "चुकलं माह्यं." एवढंच. पण त्याच्यासारख्या माणसासाठी ते पुष्कळ होतं.

त्याच दिवशी मला काढलं. स्क्रू सुटले, सिलिकॉनची रेघ लांब दोरीसारखी सोलून निघाली, आणि मी डब्यांमागे आले. पुन्हा नागपूरहून शीट आणली, पुन्हा रविवार, पुन्हा नानाजींची बेकरी. या खेपेला शीटचं दुसरं टोक धरायला हातमोजे घालून राखी गेली होती, असं मी ऐकलं. नव्या काचेला सिलिकॉन लावायची गन तर भारतने तिच्याच हातात दिली. आधी कागदाची पट्टी चिकटव, गन एका चालीनं ओढ, मधात थांबू नको, पट्टी ओली असतानाच काढ, हे त्याने एकेक करून सांगितलं. ती विचारत गेली, तो सांगत गेला. डांबर का नको, आंबट वासाचं का नको, सगळं. माझ्या जुन्या तुकड्यांचा डबाही त्याने तिच्यापुढे उघडला. रेघ माझ्यापेक्षा सरळ आली. मला हेवा वाटला का? वाटला. मी काही संत नाही.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी विमान उडालं. मी शेडमध्ये होते, मला काही दिसलं नाही. इंजिनाचा आवाज माळावरून लांब गेला, मग वर गेला, मग पत्र्यावरून एकदा घरघरत गेला. पत्र्यावरची चिमणी उडाली. लोकांच्या टाळ्या ऐकू आल्या. ज्या कामासाठी मला भट्टीत घातलं होतं ते काम दुसरी काच करत होती, आणि मी डब्यांमागे उभी राहून आवाज मोजत होते. मी त्या दिवशी रडले असते, पण अॅक्रिलिकला रडता येत नाही. आणि तरीही मित्रांनो, तो आवाज परत माळावर उतरला, इंजिन शांत झालं आणि पाठोपाठ भारतचं हसणं ऐकू आलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. तो जिवंत उतरला होता.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात एखादी वस्तू असेल तर तिला काय चालतं आणि काय चालत नाही ते विचारून घ्या. पुसायच्या आधी विचारा, चिकटवायच्या आधी विचारा. आणि ते ज्याला माहीत असेल त्याने कोणी विचारायची वाट बघू नये, घरातल्यांना सांगून टाकावं. मला थिनरने फोडलं असं लोक म्हणतात. थिनर शेवटी आला. त्याच्या आधी त्या घरात सात वर्षं कोणी कोणाशी बोललं नव्हतं.

विमान उडालं त्या दिवशी संध्याकाळी लोक पांगल्यावर भारत शेडमध्ये आला. त्याने राखीला हाक मारली. ती हात पुसत आली. त्याने स्टूल पुढे ओढलं, तिला बसवलं, आणि स्वतः ऑइलच्या डब्यावर, अगदी माझ्या पुढ्यात बसला. मग म्हणाला, "वरून तू दिसत होती."

"खोटं."

"खरंच. लाल लुगडं. सगळे लोक एका जागी अन् तू थोडी बाजूले." तो थांबला. "अन् धरणाचं पाणी दिसलं. आपला कापूसही दिसला, पांढरा. अन् घाटातली ती वाट हाय ना, आपले आजे-पणजे बैलांवर मीठ लादून जायचे ती? खालून ती दोन शेतांत मोडून जाते. वरून अजून सबंध दिसते, राखी. लहान होतो तवा माहे बापू सांगायचे, ती पार समुद्रापर्यंत जाते. म्हणून मले..."

तो पुन्हा अडखळला. सात वर्षांचं बोलणं एकदम कुठून सुरू करावं, ते त्याला कळत नव्हतं.

राखीने स्टूल थोडं जवळ सरकवलं. "सावकाश सांगा," ती म्हणाली. "मले घाई नाई."